गुणवंताच्या होडीतलं पाणी

टाकीतलं पाणी जातं हे ज्या दिवशी कळलं, तो सिंदेवाहीच्या बाजाराचा दिवस होता. सकाळी मी होडीतल्या टाकीत बांबूची काडी घातली. आदल्या दिवशी मी टाकी पूर्ण भरली होती आणि पाण्याच्या पातळीवर काडीला कोळशाची खूण केली होती. काडी बाहेर काढली तर ओल खुणेच्या बरीच खाली होती. काडी पुसून पुन्हा घातली. तेच.

"पाणी कमी झालं," मी म्हणालो.

गुणवंता वर शिडाची दोरी गुंडाळत होता. तिथूनच त्याने विचारलं, "तू पुरी भरली होती ना?"

"भरली होती."

"पक्कं?"

मला लगेच पक्कं म्हणता आलं नाही. त्या दिवसांत मला कशाबद्दलच पक्कं म्हणता येत नव्हतं.

माझी बायको रुखमा माघ महिन्यात वारली. तिच्या अंगातलं रक्त कमी होत होतं. डॉक्टर म्हणाले, आत कुठूनतरी जातं आहे. कुठून, ते सापडायच्या आत ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माझा मुलगा गुलाब भद्रावतीहून आला. तिथल्या कारखान्यात तो कामाला आहे आणि वसाहतीत त्याला क्वार्टर मिळालेलं आहे. तो आठवडाभर राहिला आणि त्याने माझं सगळं पाहिलं. मी स्टोव्ह पेटता ठेवून बाहेर गेलो आणि भगोनं जळलं. दुकानातून मीठ आणायला गेलो आणि गुडाखूची डबी घेऊन आलो. गुडाखू, ती दातांची तंबाखू, रुखमा लावायची, मी नाही.

गुलाब म्हणाला, "बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर नाई. एकटं राहू नका. घराले कुलूप लावा अन् माझ्या संग चला."

मी म्हणालो, "मी फिटर आहे. काम करतो. काम करणाऱ्याले कशाले नेतो?"

तेव्हाच गुणवंताचं काम आलं होतं. गुलाब म्हणाला, "बरं. हे काम नीट करून दाखवा. झालं तर मी पुन्हा काई म्हणणार नाई. नाई झालं तर जूनमध्ये पोरांची शाळा उघडाच्या आधी भद्रावतीले याचं." मी कबूल झालो. म्हणजे होडीच्या नळाचं काम हे माझ्या घराचंही काम होतं.

गुणवंतराव फुलझेले हा माझ्या शाळेतला. आम्ही दोघे एका बाकावर बसायचो. मी पाईप जोडायला शिकलो, तो नेव्हीत गेला. निवृत्त झाल्यावर त्याने विशाखापट्टणातून एक जुनी शिडाची होडी विकत घेतली आणि ट्रकवर घालून गावाजवळच्या तलावावर आणली. लाकडाची होडी, आत झोपायला दोन बाकं, एक लहान ओटा, ओट्यावर नळ. तो तिला यॉट म्हणायचा. गाव तिला फुलझेल्याचं जहाज म्हणायचं. पोरं विचारायची, "मामा, हे जहाज आता अहेरीले जाते का लंडनले?"

गुणवंताचं ठरलं होतं की नळाचं काम झालं की होडीतच राहायचं, आणि बुद्ध पौर्णिमेला गावातल्या म्हाताऱ्यांना तलावावर फिरवायचं. होडी समुद्रातली, त्यामुळे गोड्या पाण्याची टाकी तिच्यात आधीपासूनच होती. एका बाकाखाली टाकी, तिला एक कॉक, कॉकपासून निघालेला पाईप फळ्यांच्या मागून ओट्यापर्यंत. टाकी खाली आणि नळ वर, म्हणून नळाजवळ पंपाचा दांडा. दांडा हलवला की पाणी येतं. जुने पाईप कुजले होते. ते काढून नवे घालायचे, एवढंच माझं काम. मी ते केलं आणि विहिरीचं पाणी आणून टाकी भरली. आणि पाणी गेलं.

"कुठीतरी लिकेज आहे," गुणवंता म्हणाला. "नवीन कामात लिकेज. वा रे फिटर."

मी बाकाखाली शिरलो. सगळे जोड कोरडे होते. होडीच्या अगदी तळाशी, फळ्या उचलल्या की एक खोलगट जागा दिसते. होडीत शिरलेलं पाणी तिथे जमतं. तिथे पाणी होतं.

"हे तलावाचं असल," मी म्हणालो.

"थांब. हे आमी नेव्हीत शिकलो." गुणवंता गुडघ्यावर बसला. "समुद्रात लई सोपं असते. तळातलं पाणी जिभेले लावाचं. खारं लागलं तर होडी फुटली. गोडं लागलं तर टाकी फुटली." त्याने बोट बुडवून तोंडात घातलं आणि जोरात म्हणाला, "गोडं! टाकीचंच आहे. तुझाच पाईप!"

"गुणवंता, तलाव बी गोडाच आहे."

तो तसाच बसला. मग म्हणाला, "हो बे." मग त्याला आठवलं की तलावात गावच्या म्हशी बसतात, आणि तो बाहेर जाऊन थुंकला.

त्या दिवसापासून आमची गाडी अडकली. मी माझ्या पद्धतीने शोधलं. प्रत्येक जोडाला चुन्याचा पातळ हात दिला. चुना वाळला की पांढरा होतो, आणि थेंबभर जरी पाणी झिरपलं तरी तिथे काळपट डाग दिसतो. दुसऱ्या दिवशी सगळे जोड पांढरेशुभ्र होते. काडी टाकीत घातली तर पाणी कमी. तळात पाणी होतंच.

मग मी टाकीचा कॉक बंद करून घरी गेलो. सकाळी येऊन काडी घातली. पाणी जसंच्या तसं. म्हणजे टाकी चांगली आहे, कॉकच्या पुढे पाईपमध्ये कुठेतरी गळतं. हे मला समजलं आणि बरं वाटलं. पण फळी उचलली तर तळात नवीन पाणी होतं. मी आदल्या दिवशी ते फडक्याने टिपून कोरडं केलं होतं.

"टाकीतून गेलं नाई, तर आलं कुठून?" मी विचारलं.

"मंग होडी बी गळते," गुणवंता म्हणाला.

"अन् काल परवा टाकीतलं गेलं ते?"

"मंग दोन्ही गळते."

"चुना तर कोरडा आहे."

"हरिदास," तो म्हणाला, "तू चुना खरंच लावला होता ना बे?"

त्याने हे चेष्टेने विचारलं. पण मी उठून चुना पाहून आलो. चुना होता. मी तो लावला होता.

घरी गेल्यावर हे विचार सुटत नव्हते. कॉक मी बंद केला होता की केला असं मला वाटलं होतं? टाकी भरताना बादल्या मी ओतल्या की आदल्या दिवशीच्या बादल्या मला आज ओतल्यासारख्या वाटत होत्या? पाणी गळत नसेल, तर मी ते भरतच नसेन. आणि तसं असेल तर गुलाब बरोबर होता. मग मी मुद्दाम गुणवंताला उभं करून त्याच्यासमोर टाकी भरली. कॉक उघडा ठेवला. सकाळी पाणी कमी. गुणवंता डोकं खाजवायला लागला. मला उलट थोडा धीर आला. निदान भरली तरी होती.

तलावाच्या काठावर होडी राखायला गुणवंताने पोचूभाऊला ठेवलं होतं. पोचूभाऊ ढिवर, मासे धरणारा, आमच्यापेक्षा मोठा. तो होडीच्या शेजारीच काठावर झोपायचा आणि उजाडताना जाळं घेऊन तलावाच्या पलीकडे जायचा. आम्ही सकाळी पोचायचो तेव्हा तो गेलेला असायचा. संध्याकाळी कधी भेट व्हायची. आम्ही बोलत बसलो की तो बिडी ओढत ऐकायचा. आमचं अर्धं बोलणं कॉक, प्रेशर, वॉशर असं चालायचं, त्यात त्याने काही म्हणावं असं काही नव्हतं.

शेवटी मला पळसाची फुलं आठवली. आमच्या घरी रुखमा दर वर्षी पळसाची फुलं वेचून वाळवायची. उन्हाळ्यात ती आंघोळीच्या पाण्यात टाकायची, उष्णता बाधू नये म्हणून. मागच्या वर्षीची पुरचुंडी आढ्याला टांगलेली होती. यंदा कोणी वेचली नाहीत. मी ती पुरचुंडी काढली, सगळी फुलं उकळली आणि ते पिवळं पाणी टाकीत ओतलं. तळात पिवळं पाणी आलं तर टाकीचं, साधं आलं तर तलावाचं. इतकं सोपं. हे आधी का सुचलं नाही, ते माहीत नाही.

"रंगपंचमी करून राह्यला काय?" गुणवंता म्हणाला. पण त्याला ही युक्ती आवडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर पोचूभाऊ जाळ्यावर गेलेलाच नव्हता. तो काठावर उकिडवा बसला होता. त्याचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते.

"भाऊ," तो मला म्हणाला, "तुमचं नळाचं काम बिघडलं. पाणी पिवळं येऊन राह्यलं. पाहा, साऱ्या फळ्या रंगल्या."

आम्ही होडीवर चढलो. वरच्या फळ्या, कडेच्या फळ्या, आतल्या भिंती, सगळं पिवळंकेशरी झालं होतं. मी आत जाऊन तळ पाहिला. तळात पिवळं पाणी होतं.

"हे तू केलं?" गुणवंता ओरडला.

"मी नाई केलं. नळानं केलं. मी नेहमीसारखंच पाजलं."

"काय पाजलं?"

"नावेले पाणी." पोचूभाऊला आमचंच नवल वाटत होतं. "साहेब, चैताचं ऊन आहे. पाण्यावरच्या फळ्या सुकून फाटतात. आमी आमच्या नावा उन्हाळ्यात बुडवून ठेवतो. तुमची एवढी मोठी, बुडवावी कशी? म्हणून रोज उजेडताना पाणी मारतो, आतून बी अन् बाहेरून बी. तुमी येईतोवर ऊन सारं वाळवून टाकते."

"अरे, पण एवढा तलाव पडला आहे ना बाजूले!"

"तलावाचं? त्यात म्हशी मुततात. नवीन आलेल्या नावेले पहिल्या उन्हाळ्यात पिण्याचंच पाणी द्यावं लागते. माझा बाप विहिरीचं आणे. इथी तर नळच लागला. भाऊ रोज भरून ठेवतात, मले बरं झालं." मग त्याला आठवलं. "एक दिवस नळाले पाणीच नाई आलं. दांडा हलवून हलवून हात दुखले. त्या दिवशी मी विहिरीवरून आणलं."

तो कॉक बंद केल्याचा दिवस. टाकी भरलेली आणि तळात पाणी. मी बाकावर बसलो. सगळं जुळलं. मी टाकी भरत होतो, कॉक बंद करत होतो, चुना लावत होतो. माझा पाईप कुठेही गळत नव्हता. गुणवंता हसायला लागला आणि हसता हसता खाली बसला.

"पोचूभाऊ," तो म्हणाला, "इचाराचं तर होतं."

"इचारलं ना. भाऊले इचारलं."

"मले?" मी म्हणालो.

"तुमालेच. पहिल्या दिवशी. तुमी बाकाखाली होता, पाय बाहेर. मी इचारलं, भाऊ, हे नळाचं पाणी नावेले मारू काय? तुमी म्हटलं, हो. मी पुन्हा इचारलं, रोज मारू? तुमी म्हटलं, हो हो."

गुणवंताचं हसणं थांबलं. दोघेही माझ्याकडे बघत होते. मी आठवून पाहिलं. बाकाखालची जागा आठवली, नवीन पाईपचा वास आठवला, हाताला लागलेली क्लिप आठवली. पोचूभाऊचा आवाज आठवला नाही. पोचूभाऊ खोटं बोलणारा माणूस नाही.

मी म्हणालो, "माझ्या हातात पाना होता."

"मंग?"

मग मी त्यांना सांगितलं. पाना हातात असला की मला कोणी काही विचारलं तरी मी हो म्हणतो. मला ते ऐकूच येत नाही, तोंडातून नुसतं हो निघतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी रुखमाने मला विचारलं होतं, माहेरी जाऊ काय, आणि मी हो म्हणालो. संध्याकाळी घरी येऊन मी तिला गावभर शोधत फिरलो. तेव्हापासून ती मी पाना खाली ठेवेपर्यंत थांबायची. कामावर ती माझ्या मदतीला असायची; गिऱ्हाईक काही विचारत असलं तर त्यालाही सांगायची, थांबा, पाना ठेवू द्या. त्यामुळे माझं कधी कुठे अडलं नाही, आणि मला ही सवय आहे हेही मी विसरलो होतो.

"खरं सांगतो?" गुणवंताने विचारलं.

"मले तसंच आठवते."

दुपारी मी नळाजवळचा एक जोड पान्याने पुन्हा आवळत होतो. टाकीतलं पळसाचं पाणी काढायला तो सोडला होता. काम संपवून मी मागे वळलो तर गुणवंता आणि पोचूभाऊ दोघे तोंडाला रुमाल लावून बसले होते.

"काऊन हसता?"

"हरिदास, तुझी सायकल मी पोचूभाऊले देऊन टाकली."

"काऊन?"

"तू हो म्हटलं. अन् तू नवरदेव म्हणून घोड्यावर बसाले बी तयार आहे. अन् मी तुले गाढव म्हटलं, त्याले बी हो."

पोचूभाऊ म्हणाला, "भाऊ, सायकल राहू द्या. मले चालवता येत नाई."

मीही हसलो. रुखमा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. गुणवंताची खात्री पटली होती. तो म्हणाला, "बस, हे गुलाबले सांग. तुझं डोकं ठीक आहे."

पण मी घरी येऊन विचार केला आणि पुन्हा गोंधळलो. गुणवंताने जे पाहिलं ते आजचं होतं. ही सवय पहिल्यापासूनची आहे हे त्याला कुठे माहीत? तो तर नेव्हीत होता. गुलाब लहान होता, मग शिकायला बाहेर गेला. मी कामावर असताना तो माझ्याजवळ कधी नव्हता. गुलाब म्हणेल, तुम्ही हो म्हणता आणि तुम्हाला आठवत नाही, मी दुसरं काय म्हणत होतो? त्यावर माझ्याजवळ रुखमाची साक्ष होती, आणि ती फक्त मलाच ऐकू येत होती. पुढे असंही वाटलं की माहेरची गोष्ट खरंच तशी होती का? की पोचूभाऊचं ऐकून मी ती तशी आठवली? ती गेली होती आणि मी शोधत फिरलो होतो, एवढं नक्की. ती मला विचारून गेली होती, हे मला तिनेच सांगितलेलं.

रविवारी गुलाब आला. भद्रावतीहून चंद्रपूर, तिथून दुसरी बस, आणि मग तलावापर्यंत चालत. मी होडीत टाकी धुऊन पाईप परत बसवत होतो. तो आत वाकून म्हणाला, "बाबा, सापडलं काय लिकेज?"

"लिकेज नव्हतंच."

"मंग पाणी कुठी गेलं?"

मी काही बोलायच्या आधी गुणवंताने सगळी गोष्ट रंगवून सांगितली. बोट चाटल्याचं, म्हशींचं, पळसाचं, पोचूभाऊच्या पिवळ्या हातांचं. गुलाब हसत होता. मग ‘तुमीच म्हटलं, हो’ हे आलं, आणि गुलाब हसायचा थांबला. सायकलीची गोष्ट आली तेव्हा गुणवंता आणि पोचूभाऊ दोघेच हसले.

"आई तसं सांगत होती," गुलाब म्हणाला.

"काय सांगत होती?" मी घाईने विचारलं.

"आठवत नाई. बाबांले आत्ता बोलू नको, असं काई म्हणे. ते पान्याचं होतं का तुमच्या रागाचं, मले नाई माहीत."

मी पुन्हा जोडाकडे वळलो. क्लिप नीट बसत नव्हती. गुलाब थोडा वेळ उभा होता. गुणवंताशी बोलत होता असं वाटलं. मग मला ऐकू आलं की सगळे गप्प झाले आहेत.

मी वर पाहिलं. तिघे माझ्या हाताकडे बघत होते.

"काय झालं?"

गुणवंता म्हणाला, "गुलाबनं इचारलं, जूनमध्ये भद्रावतीले येता ना. तू म्हटलं, हो."

"पाना आहे ना त्याईच्या हातात," पोचूभाऊ गुलाबला म्हणाला. "हे धरू नका, साहेब. हे सायकलीसारखं आहे."

गुलाबचा चेहरा बदलला. त्याला वाईट वाटलं की बरं वाटलं ते मला कळलं नाही. मी हो म्हणालो तेव्हा त्याला आनंद झाला असेल, आणि तो आता परत घ्यावा लागत होता. तो माझा मुलगा आहे. मला ओढून न्यायला तो आला नव्हता. जळालेलं भगोनं त्यानेच घासलं होतं.

"बाबा," तो म्हणाला, "पाना खाली ठेवा."

मी ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा विचारावं म्हणून मी थांबलो होतो. त्याने विचारलं असतं तर काय म्हणालो असतो ते मला माहीत नाही. घर सोडायचं नाही असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण हातात पाना होता आणि तोंडातून हो निघालं. ते नुसतं निघालं की मला जायचं होतं, हे मी माझं मलाही सांगू शकत नव्हतो.

"शेवटच्या बसची वेळ झाली," गुलाब म्हणाला. "पुढच्या रविवारी येतो."

गुणवंताने त्याला सायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. मी पाईप बसवला, टाकी भरली, कॉक उघडला आणि काडीवर खूण केली. पोचूभाऊने विहिरीवरून आपलं पाणी वेगळं आणून ठेवलं. सकाळी काडी खुणेवरच ओली निघाली. नळाचं काम झालं आहे. गुलाबला उत्तर द्यायचं राहिलं आहे.